परग्रहावरचे देव आणि आपल्या वेशीवरचा वेताळ

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. रविवार आहे, चहा घेऊन बसा.

ओळखीतला एक पोरगा पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत लागलाय. कंपनीच्या नव्या गेममध्ये दूरच्या ग्रहावरची सहा हातांची एक जमात आहे आणि तिचा धर्म तयार करायचं काम याच्याकडे आलं. अनेक देव मानणारा धर्म हवा, एवढीच सूचना. पोराने यादी केली आणि मी इतिहास शिकवायचो म्हणून मला व्हॉट्सॲपवर पाठवली. सूर्याचा देव, तो सगळ्यांचा राजा. समुद्राचा एक. युद्धाचा एक. मृत्यूची देवी. पिकांची देवी. प्रत्येकाला एकेक खातं आणि एकेक शस्त्र. खातेवाटप झालेलं मंत्रिमंडळच! खाली प्रश्न : "काका, खरं वाटेल ना?"

मी त्याला म्हटलं, बाबा रे, हा उद्योग पाचशे वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलाय, आणि त्या वेळी परग्रहावरची जमात आपण होतो. फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहितो. कारण या गोष्टीचा संबंध परग्रहाशी कमी आणि पनवेलशी जास्त आहे.

लुदोविको दी वार्थेमा नावाचा एक इटालियन भटक्या सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आला. आपल्या चौल बंदरातही येऊन गेला. त्याचं प्रवासवर्णन १५१० साली रोममध्ये छापलं गेलं आणि युरोपभर वाचलं गेलं. त्यात कालिकतच्या राजाच्या देवघराचं वर्णन आहे. तिथे म्हणे 'देउमो' नावाचा सैतान बसलेला. डोक्यावर तीन मजली मुकुट, चार शिंगं, तोंडात चार मोठे दात, आकड्यांसारखे हात, कोंबड्यासारखे पाय, आणि माणसांचे जीव खायचं काम चालू. १५१५ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला या पुस्तकाची सचित्र आवृत्ती निघाली. चित्रकार योर्ग ब्रॉय. त्याने भारत पाहिलेला नव्हता, पण नरकाच्या चित्रांतला सैतान त्याच्या चांगला ओळखीचा होता. त्याने तोच काढला आणि खाली भारताचं नाव लागलं.

चार शिंगांचा आणि कोंबड्याच्या पायांचा देव केरळात कुणी पुजत नाही. तो देव कालिकतचा नव्हताच, ऑग्सबर्गचा होता. परक्याचा धर्म म्हणून आपण पुष्कळदा आपलीच भीती रंगवतो, ती अशी.

आता कालिकत सोडून घरी या. घारापुरी. न्हावा-शेव्याच्या समोरचं बेट, आपल्याच जिल्ह्यातल्या उरण तालुक्यातलं. पोर्तुगीजांनी तिथला दगडी हत्ती पाहून त्याला 'एलिफंटा' म्हणायला सुरुवात केली आणि आपणही सहलीची पाटी लावताना तेच नाव लावतो. तो हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली लेणं बघून गेला. त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं. लेणं पाहून तो थक्क झाला, पण त्याच्या मते इथे सैतानाने लोकांना फसवायला आपली सगळी विद्या पणाला लावली होती. हे काम चिनी लोकांचं असावं असं काहीजण म्हणतात, तेही त्याने नोंदवलं. म्हणजे सैतानाने केलं असेल, चिन्यांनी केलं असेल, पण समोरच्या गावात राहणाऱ्या माणसांच्या पूर्वजांनी केलं असेल, हे चटकन सुचलं नाही! १५३८ च्या सुमारास जुवांव द कास्त्रो आला. तो दर्यावर्दी, हिशेबी माणूस. त्याने लेण्याची मापं घेतली, आणि हे माणसाच्या हातचं काम वाटत नाही असं त्यानेही लिहिलं.

लेण्यात एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून पोर्तुगालला राजाकडे पाठवला. तिथे वाचणारा कुणी मिळाला नाही आणि दगड कुठेतरी हरवला. ही हकीकत त्यांच्याच दियोगु द कुतु या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. घारापुरी नेमकी कुणी कोरवली यावर आज अभ्यासक वाद घालतात, कुणी कलचुरी म्हणतो, कुणी कोकणचे मौर्य. त्या वादाचं उत्तर कदाचित त्या दगडावर होतं. देवांची नुकसानी फक्त हातोड्याने होत नाही. वाचता न येणाऱ्याने 'जपून' नेलं तरी होते.

पण कुतुने एक काम चांगलं केलं. त्याने लोकांकडची गोष्ट टिपली. हे लेणं बाणासुर राजाने केलं, त्याची मुलगी उषा इथे राहायची, असं तेव्हा लोक सांगत. इतिहास म्हणून ती खरी नाही. पण त्या काळी इथले लोक या जागेबद्दल काय बोलत होते, याची ती नोंद आहे. शिलालेख गेला, ऐकलेली गोष्ट राहिली.

आणि ती तीन तोंडांची प्रचंड मूर्ती? पाश्चात्त्यांना तीन तोंडं दिसली की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आठवायचे. नंतरच्यांना कळलं की हिंदूंतही ब्रह्मा, विष्णू, महेश असे तिघे आहेत. झालं, नाव पडलं त्रिमूर्ती. तीन तोंडं म्हणजे तीन देव, तीन खाती. प्रत्यक्षात ते एकटे शिव आहेत. सदाशिवाची पाच मुखं मानतात, त्यातली तीन इथे दिसतात : मधलं शांत तत्पुरुष, एका बाजूला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला स्त्रीसारखं कोमल वामदेव. एकाच देवात राग, शांती आणि मार्दव. हे विसाव्या शतकात अभ्यासकांनी नीट मांडलं. तरी सहलीला गेलात तर 'त्रिमूर्ती' हाच शब्द ऐकाल. परक्याने केलेली यादी फार चिवट असते. ती पुढे घरच्यांच्याही तोंडी बसते.

परग्रहाच्या गोष्टी लिहिणारे लेखक या वारशातूनच आले. अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट याने १९२८ साली समुद्राच्या तळाशी निजलेला क्थुल्हू नावाचा परग्रहावरचा देव जगाला दिला. तोंडावर ऑक्टोपससारखे हात. आणि त्याचे भक्त कोण? दूरदेशीचे, अडाणी, भेसूर लोक. देउमोचाच हा पणतू. याउलट उर्सुला ल गिन. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये बसून त्यांचं ऐकून घेणारे. लेकीने परग्रहावरची माणसं लिहिली ती घरातली वाटतात, कारण त्यांच्या श्रद्धेला रोजचं जगणं चिकटलेलं असतं. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली आणि मराठी विज्ञानकथेला नवं बळ आलं. त्यांच्या एका संग्रहाचं नाव बघा, 'यक्षांची देणगी'. आकाशातून कुणी परका येतोय म्हटल्यावर मराठी मनाला आधी यक्ष आठवतो. परक्याला द्यायला आपल्याकडे जुनं, ओळखीचं नाव आहे, हे मला फार आवडतं.

बरं, मग देव खरे कसे असतात, हे कुणी विचारून लिहिलं का? लिहिलं. आणि इथे एक नाव येतं, ते वाचून तुम्ही दचकाल. जॅक्सन. होय, तोच. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी नाटकाच्या थिएटरात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. कान्हेरे १९१० साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. आपल्याला जॅक्सन माहीत आहे तो एवढाच, आणि ते योग्यच आहे, कारण तो परक्या सत्तेचा अधिकारी होता. पण हाच जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता आणि कोकणातल्या लोकांच्या श्रद्धांची माहिती गोळा करत होता. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती संकलित करून १९१५ साली छापली.

त्यातली माहिती कुणी दिली? गावोगावच्या शाळामास्तरांनी. तेव्हाच्या कुलाबा, ठाणे, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या मास्तरांनी. तुमच्या गावची देवी कोणती, साथ आली की काय करता, कुठल्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही, वेशीवर कोण असतो. त्यांनी उत्तरं लिहिली आणि नोंदीखाली गावाचं नाव आलं. साहेबाच्या पुस्तकातला सगळा ऐवज आपल्या मास्तरांचा आहे, मंडळी.

अर्थात त्यालाही मर्यादा होती. मास्तर गावातला असे, पण वाडीतला नसे. कातकरी आणि ठाकूर यांच्या देवांबद्दल तो लिही ते बांधावर उभं राहून. आणि सरकारची नजर तर आणखी लांबची. १९०१ च्या जनगणनेत आदिवासींच्या धर्मासाठी 'ॲनिमिस्ट' असा एक रकाना होता. वाघदेवाला शेंदूर लावणाऱ्या कुठल्याही माणसाने आयुष्यात तो शब्द ऐकला नव्हता. साहेबाने फॉर्मवर एक धर्म तयार केला आणि लाखो माणसं त्यात बसवली.

आता आपल्या भागातले देव बघा. म्हणजे त्या खातेवाटपात चूक कुठे होते ते कळेल.

आपल्याकडे देव आधी जागेचा असतो, मग कशाचा. गावदेवी त्या गावची. शेजारच्या गावची गावदेवी वेगळी, दोघींची जत्रा वेगळी, मान वेगळा. वेताळ वेशीवरचा, कारण गावात काय येतं आणि काय जातं ते त्याने बघायचं. कर्णाई कर्नाळा किल्ल्याची, म्हसोबा शेताच्या बांधाचा, वाघदेव रानाच्या तोंडाशी. जागा काढून घेतली तर 'वेशीचा देव' या शब्दाला अर्थ काय उरला?

दुसरं, देवाशी नातं व्यवहाराचं आणि मायेचं एकदमच असतं. नवस बोलायचा, फेडायचा, नाही फेडला तर तिला राग येणार. लग्नाची पहिली पत्रिका तिला. आमची आई गावदेवीशी बोलायची ते माहेरच्या वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तसं, थोडं धाकात, थोडं भांडून. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतो तो 'समुद्र खात्याच्या मंत्र्याला' देत नाही. ज्याच्या अंगावर नाव घालून पोट भरायचं, त्याला देतो.

तिसरं, जी आजार आणते तीच आजार नेते. शितलादेवी देवीच्या रोगाची. रोगाचं नावच 'देवी'! मरीआई, जरीमरी पटकीची. खातेवाटपाच्या हिशेबाने रोग संपला की खातं बंद व्हायला हवं. भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ साली सापडला, १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातून हा रोग गेल्याचं जाहीर केलं. शितलादेवीची देवळं बंद पडली का? नाही. बायका आजही पोरांना घेऊन थंड नैवेद्य दाखवायला जातात. कारण ती रोगाची अधिकारी नव्हती, लेकरांची राखण करणारी होती.

चौथं, देव एकावर एक साचतात. कार्ल्याची एकवीरा ही कोळी-आगरी समाजाची माउली, चैत्रात पालख्या घेऊन आपली निम्मी गावं तिथे असतात. तिचं देऊळ बौद्ध चैत्यगृहाच्या दारातच आहे. घारापुरीतही शिवाच्या लेण्यांबरोबर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. आधीचा देव पूर्ण जात नाही आणि नंतरचा पूर्ण नवा नसतो. दामोदर कोसंबी, रा. चिं. ढेरे आणि जर्मनीहून येऊन धनगरांच्या वाड्यांवर हिंडलेले सोन्थायमर यांनी आयुष्यं घालवली ती हे थर उलगडण्यात.

आणि आता आजचं सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

८ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. ११६० हेक्टरची जागा. अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. आपल्या पोरांना नोकऱ्या लागोत. पण त्या जागेवर १० गावं होती : चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, वाघिवलीवाडा, वाघिवली आणि वरचे ओवळे. उलव्याची टेकडी सुरुंगांनी कापली, नदीचं पात्र वळवलं. माणसं वडघर, करंजाडे, उलवे भागात गेली. शेजारी वसवलेल्या नव्या नगराचं नाव पुष्पकनगर. रामायणातल्या विमानाचं नाव शहराला मिळालं, छान आहे. पण त्या १० गावांच्या वेशींवर कोण होतं, हे पुष्पकनगरातल्या किती मुलांना सांगता येईल?

जमीन जाते तेव्हा कागदावर घर येतं, विहीर येते, आंब्याचं झाड येतं. देऊळ येतं ते बांधकाम म्हणून, चौरस मीटरमध्ये. पण पिंपळाखाली शेंदूर फासलेला धोंडा चौरस मीटरमध्ये किती भरणार? गावदेवीला नव्या जागेत टाइल्सचं देऊळ मिळू शकतं. वेशीवरच्या वेताळाला नवी वेस कुठून देणार?

वाघिवलीवाड्याच्या लेण्याची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. गावकरी तिथे केरुमाता म्हणून हात जोडत. बौद्ध संघटना म्हणत होत्या की हे प्राचीन बौद्ध लेणं आहे, ते वाचवा. त्यासाठी त्या लढल्या. ती जागा विमानतळाच्या हद्दीत गेली. कोण बरोबर हा वाद मी इथे काढत नाही. एवढंच बघा की तिथेही कार्ल्यासारखाच थरावर थर होता, लेण्यावर माता. कार्ल्यावर ग्रंथ लिहिले गेले. केरुमातेबद्दल गावातल्या म्हाताऱ्यांनी काय ऐकलं होतं, तिचा वार कोणता, तिला काय चालायचं, हे किती लोकांनी बसून लिहून घेतलं?

आपल्या भागाने जमिनीसाठी रक्त सांडलंय. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली पाच शेतकरी हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. भूखंडाचा हिशेब आपण लढून मागितला. आठवणीचा हिशेब सरकारकडे मागायचा नसतो, तो आपणच ठेवायचा असतो. सातबारा सरकार लिहितं. देवांचा सातबारा गावाने लिहायचा.

नाहीतर काय होईल सांगतो. गाव विसरेल, पण देव लागणारच आहेत. सिनेमाला लागतील, वेब सिरीजला लागतील, गेमला लागतील. कुणीतरी दूरच्या ऑफिसात बसून 'कोकणातला भयानक वेताळ' तयार करेल. चार शिंगं, मोठे दात, कोंबड्याचे पाय. आणि तुमचा नातू तोच खरा समजेल, जशी आपण तीन तोंडांना त्रिमूर्ती म्हणत आलो.

म्हणून एक विनंती. या महिन्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर बसा, आजी असेल तर फारच उत्तम, आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून पाच प्रश्न विचारा.

१. आपल्या गावात देव कुठे कुठे होते? देऊळ नसलेले आधी सांग.
२. त्यांना काय चालायचं, काय चालायचं नाही? कुठल्या वारी, कुठल्या महिन्यात?
३. मान कुणाचा होता? पूजा कोण करायचं? कुणाला जवळ येऊ देत नव्हते?
४. साथ आली, पाऊस लांबला, होडी परत आली नाही, तेव्हा कुणाकडे जायचे आणि काय बोलायचे?
५. आता ती जागा कुठे आहे, तिथे काय उभं आहे?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर ऐकून कधी लाज वाटेल. तेही लिहा. गोड तेवढं वेचलं तर तो इतिहास राहणार नाही.

वाड्यांवरच्या मित्रांनो, तुम्ही तर जरूर लिहा. वाघबारशीला तुमच्या वाडीवर वाघदेवाला काय देतात हे तुम्ही सांगावं, आम्ही शहरातून बघून सांगू नये. शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्यांना हात जोडून सांगणं, मुलांना प्रकल्प द्यायचाच असेल तर हा द्या. शंभर वर्षांपूर्वी मास्तरांनी साहेबासाठी लिहिलं, आता आपल्यासाठी लिहूया.

ज्यांना आज एवढं जमणार नाही त्यांनी खाली कमेंटमध्ये फक्त तीन गोष्टी टाका : गावाचं नाव, देवाचं नाव, आणि तो कुठे बसायचा. मी वहीत उतरवून घेतोय. १० गावांपैकी कुणी असेल तर त्यांची नावं आधी.